रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं?

घणसोलीत भाड्याने राहणाऱ्या, छत्तीस वर्षांच्या एका नोकरदार गृहस्थांनी विचारलं आहे: "२००९ पासून प्रत्येक निवडणुकीत मी पुरोगामी विचारांच्या उमेदवाराला मत देत आलो. कधी तो पडला, कधी निवडून आला आणि दोन वर्षांत पलीकडे जाऊन बसला. मोर्च्यांना गेलो, सह्या केल्या, वर्गणी दिली. आता वाटतं, नोटा दाबावं किंवा मतदानाच्या दिवशी सरळ गावी निघून जावं. तळागाळातलं काम म्हणतात ते राजकारण बदलतं का, की ती आपली समजूत आहे? आणि ठाणे-बेलापूर रोडवरून रात्री आठ वाजता घरी पोचणाऱ्या माणसाने करायचं तरी काय?"

उत्तर लांब होणार आहे. मी गेली एकतीस वर्षं तुर्भे, दिघा आणि दिघ्याला लागूनच असलेल्या विटावा-कळव्याच्या वस्त्यांमध्ये रेशन, पाणी आणि मतदार यादी या तीन गोष्टींवर काम करते. दोनदा पालिकेच्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराच्या प्रचाराची जबाबदारी माझ्यावर होती आणि दोन्ही वेळा आम्ही हरलो. तेव्हा हे विजयी माणसाचं उत्तर नाही, हे आधीच सांगते.

तुमचा राग खरा आहे आणि त्याला कारणंही खरी आहेत. पक्षांतराला आळा घालायला १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली. तरी २०२२ च्या जूनमध्ये आणि २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिलं. आपल्या शहरांचं तर त्याहून वाईट. नवी मुंबईत २०१५ च्या एप्रिलमध्ये नगरसेवक निवडले गेले, त्यांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली आणि तिथून प्रशासक बसला. ठाण्यात २०१७ नंतर तेच झालं, २०२२ च्या मार्चपासून. दोन्हीकडे पुढचं मतदान व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. म्हणजे २०१५ ला जी मुलगी अठरा वर्षांची होती, ती पालिकेसाठी दुसऱ्यांदा मत देईपर्यंत एकोणतिशीला टेकली. एवढी वर्षं गटार तुंबलं तर विचारायचं कुणाला, याचं उत्तर देणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. या सगळ्यानंतर ज्याला वैताग येत नाही, त्याचं लक्षच नव्हतं असं मी म्हणेन.

पण "मी पुरोगामी उमेदवाराला मत दिलं आणि ते वाया गेलं", या तुमच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे. त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगते. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगत नव्हते.

तुर्भ्याच्या वरच्या अंगाला, खदाणींच्या बाजूला एक वस्ती आहे. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे. अशा पालिका थोड्याच. तरी या वस्तीतल्या बाया पहाटे चारला ड्रम घेऊन टँकरची वाट बघत. आम्ही चौदा महिने त्यामागे होतो. अर्ज, शिष्टमंडळं, विभाग कार्यालयावर हंडा मोर्चा, जलवाहिनीचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवणं, ते हातात आल्यावर त्यातल्या चुका दाखवणं, सगळं केलं. शेवटी नळ आले. ज्या दिवशी पहिलं पाणी आलं त्या दिवशी एका म्हातारीने नळाला हळदकुंकू वाहिलं, मी तिथे उभी होते. आठ महिन्यांनी निवडणूक आली. आमची उमेदवार त्याच वस्तीतली बाई, मोर्च्यात सगळ्यांत पुढे असणारी. ती पडली. आणि नुसती पडली नाही, तिच्या स्वतःच्या वस्तीच्या बूथवरही ती दुसऱ्या क्रमांकावर होती.

मी तीन दिवस घराबाहेर पडले नाही. लोक विकले गेले, असं मी त्या तीन दिवसांत किती वेळा म्हणाले असेन याचा हिशेब नाही. चौथ्या दिवशी वस्तीतली एक मावशी घरी आली. चहा घेतला आणि म्हणाली, "ताई, पाणी तुम्ही आणलंत हे मी देवासमोर सांगीन. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या पोराला रात्री दोन वाजता चौकीवर नेलं. तुम्हाला फोन केला होता, तुमचा बंद होता. त्यांचा लागला. त्यांचा माणूस मोटारसायकल घेऊन पाच मिनिटांत दारात. आता सांगा, मी मत कुणाला द्यायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या प्रश्नाला मान खाली घालायला लागेल असंच मला वाटतं.

पैसे वाटले जातात, हे मी नाकारत नाही. मी पाकिटं पाहिली आहेत. पण वस्तीत राहून एवढं कळलं की पाकिटं लोक सगळ्यांचीच घेतात. मत जातं ते रात्री दोनला फोन उचलणाऱ्याला. ज्याचं घर पन्नास टक्के कायद्याबाहेर आहे, ज्याचा मुलगा फेरीवाला आहे, ज्याच्या बायकोचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात व्हायचं आहे, त्याला पाच वर्षांत एकदा तरी कुणाचा तरी हात लागतोच. तो हात जो देतो त्याच्याशी तो इमान राखतो. याला लाचारी म्हणणं मला पटत नाही. तो त्याच्या परिस्थितीतला शहाणपणा आहे. आपण पुरोगामी माणसं त्याला संविधानाची प्रास्ताविका वाचून दाखवतो आणि रात्री दहाला फोन बंद करून झोपतो.

ठाण्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. टेंभी नाक्यावर आनंद दिघे बसायचे तेव्हा तिथे लागणारी रांग मी स्वतः पाहिली आहे. नवऱ्याने टाकलेली बाई, नोकरी गेलेला गिरणी कामगाराचा मुलगा, दवाखान्याचं बिल न भरता आलेला म्हातारा. त्यांच्या राजकारणाशी माझं कधी जमलं नाही, पण त्या रांगेतल्या माणसांना मूर्ख ठरवणं हा आपल्या लोकांनी केलेला मोठा अपराध होता. शाखेचं जाळं त्या रांगेवर उभं राहिलं. आणि त्याआधी हे काम कुणाचं होतं? मृणाल गोरे गोरेगावात घरोघरच्या पाण्यासाठी भांडत होत्या म्हणून लोकांनी त्यांना पाणीवाली बाई म्हटलं. १९७७ मध्ये त्या लोकसभेत गेल्या तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा गाजली. ती घोषणा एका दिवसात तयार झाली असेल, तिच्यामागचे हंडे वीस वर्षांचे होते. हे काम आपलंच होतं, आपण सोडून दिलं. रिकाम्या जागेत दुसरे आले.

तुम्ही विचारता की तळागाळातलं काम राजकारण बदलतं का. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात त्याचं उत्तर आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. तिथून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या पाड्यांत गेले. वेठबिगारी होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर सावकाराकडे राबायची लग्नगडीची चाल होती. ती त्या लढ्याने मोडली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली. लाल बावटा मात्र तिथे राहिला. आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. २०२४ च्या विधानसभेत, सगळा महाराष्ट्र एका बाजूला झुकलेला असताना, मार्क्सवादी पक्षाची राज्यातली एकमेव जागा आली ती डहाणूची. जवळजवळ ऐंशी वर्षं! मी त्या पक्षाची नाही, पण पाड्यावर राहून, तिथली भाकरी खाऊन केलेलं काम किती काळ टिकतं याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

उलट उदाहरणही तुमच्या पायाखाली आहे. तुम्ही घणसोलीत राहता ती इमारत कदाचित साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी असेल. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरणजवळ जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढणारे पाच जण हुतात्मा झाले. नवी मुंबईसाठी संपादित केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत, ही योजना त्या संघर्षातून आली. ती सगळ्या नवी मुंबईच्या गावठाणांचं रूप पालटून गेली. पण त्या इमारतींत भाड्याने राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना दास्तान फाटा माहीत नाही, कारण कुणी त्यांच्या दारात जाऊन ते सांगितलंच नाही. भूखंड पुढच्या पिढीकडे गेला, लढण्याची सवय मात्र पोचली नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. मावशी गेल्यावर महिनाभराने आम्ही एक वही केली. सात माणसं, सात रात्री. सोमवारी रात्रपाळी एकीची, मंगळवारी दुसऱ्याची. ज्याची पाळी त्याने फोन उशाशी ठेवून झोपायचं आणि आलेला प्रत्येक फोन सकाळी वहीत लिहायचा. सातही नंबर छापून वस्तीत घरोघरी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. पहिल्या महिन्यात फोन आले ते असे: पोलीस, दवाखान्याची अनामत रक्कम, दारू पिऊन मारणारा नवरा, पुन्हा पोलीस, साप, पेटलेला मीटर.

या कामाला वकील असावं लागत नाही. थोडं पाठ असावं लागतं. अटक झालेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. चौकीत ते वाक्य शांतपणे म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. साक्षीदार म्हणून चौकशीसाठी बाईला चौकीवर बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१०० आहे. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही ती मदत उत्पन्न न विचारता मिळते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. अपघात विभागात ही गोष्ट आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते. आमच्या वस्तीतल्या एका भावाला एका मोठ्या रुग्णालयात अनामत भरल्याशिवाय आत घेत नव्हते. आमच्या बुधवारच्या कार्यकर्त्याने योजनेचा कागद काउंटरवर ठेवला आणि समाजसेवा अधीक्षकांना बोलवा एवढंच म्हटलं. पहाटे चारला खाट मिळाली.

फोन उचलण्यात आणि फोन उचलण्यात फरक असतो, तोही सांगायला हवा. त्यांचा माणूस येतो, साहेबांना फोन लावतो, पोरगा सुटतो आणि त्या घरावर साहेबांचे उपकार होतात. आम्ही गेलो की त्या घरातल्या एकाला सोबत नेतो, त्यालाच बोलायला लावतो, नंबर त्याच्याच फोनमध्ये घालतो. याला वेळ जास्त लागतो आणि कधी कधी लोक चिडतात, "तुम्हीच बोला ना ताई". तरी हट्ट सोडायचा नाही. आज गुरुवारची रात्रपाळी त्या मावशीची सून सांभाळते.

यानंतरच्या निवडणुकीतही आम्ही हरलो, हे मी सुरुवातीला सांगितलंच. पण त्या बूथवर आमची उमेदवार पहिली होती.

इथून तुमच्या मुद्द्यावर येते. शहर, राज्य, देश हे सगळं डोक्यातून जरा बाजूला ठेवा. तुमच्या मतदार चिठ्ठीवर यादी भाग क्रमांक असतो. एका यादी भागात साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे चार-पाच इमारती किंवा दोन गल्ल्या. लोकसभेला आपल्याकडे जेमतेम निम्मे लोक मतदान करतात, म्हणजे तिथे मतं पडतात पाच-सहाशे. या यादी भागातली प्रत्येक पायरी तुम्हाला ठाऊक झाली पाहिजे. यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, छापा आणि घरोघर फिरा. आम्ही पहिल्यांदा फिरलो तेव्हा पहिल्याच इमारतीत चार मयत माणसांची नावं निघाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन जिवंत सुनांची नावं नव्हती. नवं नाव घालायला नमुना ६, वगळण्यासाठी ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. बीएलओ, म्हणजे त्या यादी भागाचं काम पाहणारे अधिकारी, बहुधा अंगणवाडीच्या सेविका किंवा पालिका शाळेतल्या शिक्षिका असतात, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना मदत करा. भरलेले अर्ज व्यवस्थित लावून हातात दिलेत तर त्या तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाहीत.

तुमच्या भागात एक खास अडचण आहे. कोपरखैरणे-घणसोलीत साताऱ्याकडची माथाडी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत आणि अनेकांची नावं अजून गावच्या यादीत आहेत. गावच्या निवडणुकीला गाड्या भरून जातात, इथल्या पालिकेला मात्र मत नाही. भाडेकरूंचं तर विचारूच नका. घरमालक भाडेकराराची प्रत द्यायला बिचकतात. मी घरमालकाकडे भाडेकरूबरोबर स्वतः जाते, नाव यादीत आल्याने घरावर हक्क सांगता येत नाही हे समजावते. दहातले सहा तयार होतात. आणि हे सगळं निवडणूक नसतानाच करावं लागतं. पालिकेची निवडणूक विधानसभेच्याच यादीवर होते, ती प्रभागवार फोडली की त्या टप्प्यावर नवं नाव घालता येत नाही. उमेदवार जाहीर झाल्यावर जागे होणारे आपले मित्र दर वेळी इथेच चुकतात.

मतदानाच्या दिवशी गावी जाण्याऐवजी त्या बूथवर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसा. लोकसभा-विधानसभेला संध्याकाळी नमुना १७-सी ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाची प्रत मागून घ्या. मोजणीच्या आकड्याशी तो ताडून बघा. यंत्रावर शंका घेणाऱ्या आपल्या कितीतरी मित्रांनी हा कागद कधी हातात धरलेला नाही, हे मला खटकतं.

नोटाबद्दल थोडक्यात. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, निवडून यायचा तो आलाच. स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी असा राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. पण एखाद्या वॉर्डात एवढ्या माणसांना नोटावर एकत्र आणायची ताकद तुमच्याकडे असेल तर तुम्ही उमेदवारच उभा करा.

मतदार यादीच्या जोडीला एक प्रश्न हातात घ्या. एकच. आम्ही पाणी घेतलं, तुम्ही फूटपाथ घ्या, पालिकेची शाळा घ्या, रेशन घ्या. रेशनवर माझा जीव आहे म्हणून एक सांगते: शहरात प्राधान्य कुटुंबात, म्हणजे रेशनचं धान्य मिळणाऱ्या गटात, बसायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकोणसाठ हजार आहे. महिन्याला पाच हजारही नाही. तुमच्या इमारतीचा वॉचमन या मर्यादेत बसत नाही, आणि त्याच्या पोराला दूध परवडत नाही. ही मर्यादा बदला म्हणून बोलणारी माणसं प्रत्येक यादी भागात तयार झाली पाहिजेत.

प्रश्न धरला की कागद मिळवायचा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील वीस रुपयांत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून भाषण लिहू नका. "अमुक रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत" एवढं पुरतं. मोजमाप पुस्तिका महत्त्वाची. तिथे किती जाडीचा थर टाकला ते लिहिलेलं असतं आणि रस्ता तुमच्या दारात असतो, फूटपट्टी घेऊन उभं राहिलं की झालं. त्याहून सोपी वाट म्हणजे २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच पालिकेत कागद पाहायला मिळायला हवेत. पहिल्यांदा मी गेले तेव्हा टेबलावरच्या माणसाला हे माहीत नव्हतं. निर्णयाची प्रत दिली, तिसऱ्या सोमवारी खुर्ची मिळाली.

आणखी एक कलम बहुतेकांच्या वाचनात नसतं. महानगरपालिका अधिनियमाच्या २९-अ कलमाप्रमाणे प्रभाग समितीवर त्या भागातल्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. आता चार नगरसेवकांचे मोठे प्रभाग झाल्यावर पैसा नसलेल्या उमेदवाराला उभं राहणं अवघड झालं आहे, २०१५ ला नवी मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक होता तेव्हा निदान पायी फिरता तरी येत होतं. म्हणून या तीन जागांसाठी नगरसेवकांच्या मागे लागा. निवडून न येता आत बसायची ती जागा आहे.

आता अवघड भाग. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज जे विष येतं त्याला काय करायचं? मी तिथे वाद घालत नाही. पण बाहेरही पडत नाही. आपल्या पिढीतल्या पुरोगामी लोकांनी गणपती मंडळ सोडलं, हळदीकुंकू सोडलं, भजनी मंडळ सोडलं, आणि मग समाज आपलं ऐकत नाही म्हणून रडत बसले. मी हळदीकुंकवाला जाते, विधवा बायांना मुद्दाम बोलावून घेते, त्यांच्या हातात वाण ठेवते. पहिल्या वर्षी दोघी उठून गेल्या. आता त्याच दोघी पुढे होऊन कुंकू लावतात. डॉ. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी मूर्तिदानाची मोहीम काढली तेव्हा त्यांना धर्मबुडवे म्हटलं गेलं. आज ठाण्यात कृत्रिम तलावात विसर्जन करणाऱ्या कुटुंबाला त्यात काही वावगं वाटत नाही. दाभोलकर जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला. किती मोठी किंमत. ते आयुष्यभर गावागावात देवळाच्या पारावर बसून, श्रद्धाळू माणसांशी हात जोडून बोलत राहिले. आपण ते बोलणं सोडून दिलं तर त्यांच्या नावाने मेणबत्त्या लावायचा आपल्याला हक्क उरत नाही.

लोक आपल्याबरोबर लढतात आणि मत दुसऱ्याला देतात, याचा मनाला होणारा त्रास मी समजू शकते. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, हवा की नको यावर शेतकऱ्यांची जनमतचाचणी झाली. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील त्या लढ्यात होते. मी त्याआधी काही संध्याकाळी तिथल्या बैठकांना गेले होते. एकाच ओटीवर चार पक्षांचे लोक बसलेले, पण जमिनीच्या प्रश्नावर एक. प्रकल्प उभा राहिला नाही. पुढच्या निवडणुकीत ते आपापल्या पक्षात परत गेले असतील. त्यामुळे वाचलेली भातशेती कमी खरी होत नाही.

पक्षात जायचं का, हेही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. माझे बरेच सहकारी म्हणतात, नको, चिखल आहे. मला हे पटत नाही. मलाही एका पक्षाने अर्ज भरायच्या आदल्या रात्री फसवलं, आमच्या उमेदवाराचं तिकीट कापून दुसऱ्याला दिलं. वर्षभर मी त्यांच्या बैठकीला पाऊल टाकलं नाही. तरी सांगते, कायदा शेवटी सभागृहात होतो आणि तिथे माणूस पक्षातूनच जातो. पहिली दोन वर्षं कुठल्याही पक्षाचं सदस्यत्व घेऊ नका, यादी भाग आणि तुमचा एक प्रश्न पक्का करा. तोपर्यंत तुमच्या मागे शे-दीडशे घरं उभी राहिलेली असतील. मग जा आणि मान ताठ ठेवून जा. रिकाम्या हाताने गेलात तर सतरंज्या उचलायला लावतील आणि पुढच्या वेळीही रात्री एक वाजता तिकीट कापतील.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि महिन्यातला एक सोमवार अर्ध्या दिवसाच्या रजेचा, एवढं पुरतं. आठला घरी पोचता म्हणून संकोच करू नका. यादीचं काम आठ ते साडेनऊच चालतं, कारण ज्यांची नावं सुटलेली असतात तेही त्याच रस्त्याने, त्याच वेळी घरी पोचतात. जेवायच्या आधी एक मजला करा. जमलं तर घरच्यांनाही घ्या, बाई बरोबर असली की दार लवकर उघडतं. आणि रात्रपाळीच्या वहीत शनिवारची जागा रिकामी आहे. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला.